इंदीच्या लग्नाचं गाणं

वैशाख चढला की आमच्या भोरात दोन गोष्टी बरोबरीनं सुरू होतात. वर डोंगरउतारावर भाताच्या रोपांसाठी राब भाजल्याचा धूर आणि खाली कार्यालयांतून लग्नाची गाणी. धुरानं डोळे चुरचुरतात आणि गाण्यांनी आमच्या ह्यांचं डोकं उठतं. ‘खिडकी लाव गं,’ म्हणून ते ओरडतात आणि मी लावत नाही. पन्नासच्या आसपास वर्षं झाली आमच्या संसाराला, या एका गोष्टीवरून आमचं अजून वाजतं. मला लग्नसराई आवडते. दारावरून जाणारी वरात बघायला मी चुलीवरचं दूध उतू घालवलेलं आहे.

परवा दुपारी पाठीमागच्या कार्यालयात लग्न होतं. डीजेवाल्यानं सत्तरच्या दशकातलं एक गाणं लावलं. म्हणजे जुनंच गाणं, त्याला नवा धडधडाट जोडून पळवलेलं. पण चाल तीच, शब्द तेच. मी चपात्या लाटत होते. दर वर्षी हे गाणं लागलं की मी लाटणं हातात धरून मोठ्यानं म्हणते, नात हसून मोबाईलवर माझा व्हिडिओ काढते. या वर्षी मी लाटणं खाली ठेवलं, भिंतीला टेकून बसले आणि गाणं संपेपर्यंत उठले नाही. तवा जळला. हे आत येऊन बघून गेले आणि त्यांनीच खिडकी लावली.

का बसले, तेच सांगायचंय. पण मी बालवाडीत तीस वर्षं शिकवलेली बाई, मला सरळ रेषेत सांगता येत नाही. इकडंतिकडं फिरेन, सांभाळून घ्या.

हल्ली जुन्या गाण्यांच्या पार्श्वभूमीचं फार वेड आलंय. मलाही आहे. मोबाईलवर रोज एकतरी कहाणी येते. अमक्या कवीनं गाण्याचा मुखडा म्हणे टॅक्सीत बसून लिहिला, तमक्या संगीतकाराला चाल म्हणे घरातली भांडी वाजताना सुचली. खरं किती, खोटं किती, देव जाणे. आमच्या महिला मंडळात मी या गोष्टी तिखटमीठ लावून सांगते आणि मग गाणं म्हणते. बायका टाळ्या वाजवतात. ‘इंदूताईंना सगळ्या गाण्यांची पार्श्वभूमी पाठ आहे,’ असं माझं नाव झालंय. नाव झालं की माणूस शेफारतो, तशी मीही शेफारले होते.

माझ्या माहेरी, मार्गासनीकडं, त्या काळी गाण्यांची पार्श्वभूमी निराळीच असायची. सिनेमाचं नाव कुणाला ठाऊक? भोरला जत्रेला आलो तर वर्षातून एखादा सिनेमा, तोही पुढं बसून मान दुखेपर्यंत. गाणी आम्हाला कळायची ती लग्नातल्या भोंग्यातून. म्हणून आमच्याकडं गाण्यांना नावं पडायची ती लग्नांची. ‘वत्सीच्या हळदीचं गाणं’, ‘म्हादूच्या वरातीचं गाणं’. एक रडकं गाणं होतं, त्याला सगळी ‘मोडलेल्या लग्नाचं’ म्हणायची. कारण ते वाजत असतानाच देण्याघेण्यावरून भांडण लागून वऱ्हाड माघारी गेलं होतं. रानात भात लावताना बायका एकमेकींना सांगायच्या, ‘ए, वत्सीची हळद म्हन की!’ आणि चिखलात उभ्याउभ्या कुणीतरी मोडक्यातोडक्या हिंदीत ते म्हणायची. ज्या बाईनं मुंबईत ते गायलं, तिला कधी स्वप्नातही कळलं नसेल की गुंजवणी नदीच्या काठी तिच्या गाण्याचं बारसं दुसऱ्याच नावानं झालंय.

आणि एक गाणं होतं ‘इंदीच्या लग्नाचं’. ती इंदी म्हणजे मी.

स्पीकर आणायचा तो भोरहून, हुसेनभाईंचा. तेव्हा ते विशीबाविशीचे असतील. सडपातळ, पांढरा लेंगा, कानावर पेन्सिल. एसटीच्या टपावर त्यांचा भोंगा, मशीन, बॅटरी आणि तबकड्यांची पत्र्याची पेटी असायची. आमच्या वाडीत तेव्हा वीज नव्हती, सगळा कारभार बॅटरीवर. एसटी थांबली की आम्ही पोरी धावत जायचो. हुसेनभाई पेटीला हात लावू द्यायचे नाहीत. ‘तबकडीला ओरखडा पडला की गाणारी बाई तोतरी हुती,’ म्हणायचे. भोंगा आंब्यावर चढवायचा, पहिल्यांदा गणपतीचं गाणं लावायचं, मग बाकीची. मुसलमानाचं पोरगं गणपतीचं गाणं चुकवत नाही, याचं माझ्या वडलांना फार कौतुक होतं.

माझ्या लग्नाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. मुहूर्त तिसऱ्या प्रहराचा होता. सकाळी हळद लागली, दुपारी सासरहून, आंबवड्याहून, वऱ्हाडाचा ट्रक आला. आणि हळद उतरल्यापासून हुसेनभाईंनी एकच गाणं धरलं. नवं होतं, त्या वर्षी जिकडंतिकडं तेच वाजत होतं. पहिल्या ठेक्यापासून शेवटच्या ठेक्यापर्यंत नुसते ढोल, झांजा, टाळ्या आणि त्या सगळ्यांवर ओरडून गाणारे दोघं. संपलं की परत तेच. पुन्हा तेच. मी मांडवात पाटावर बसून बोटं मोजली, अकरा वेळा वाजलं. करवल्या नाचून नाचून बेजार झाल्या. मला वाटलं, नवरदेवाच्या दोस्तांनी आधीच फर्माइश धाडली असणार. मी लाजून चूर. पुढं आयुष्यभर मी ही बढाई मारली. ‘माझ्या लग्नात हेच गाणं अकरा वेळा लावलं होतं, असं कुणाचं झालंय का सांगा!’

आमच्या घराला लागून, एकाच भिंतीपलीकडं किसनकाकांचं घर. वडलांचे चुलतभाऊ, म्हणजे भावकीच. काकांना पंधरा दिवस कावीळ झाली होती, अंथरुणावर होते. सोनाकाकी त्यांच्या उशाशी, आणि सहा वर्षांचा संपत मांडवात उंडारत होता. हुसेनभाईंनी भोंग्याचं तोंड नेमकं काकांच्या दाराकडं फिरवलं तेव्हा बायका चवताळल्या. ‘आरं मेल्या, आजारी मानसाच्या दारात बोंबलतोस! काय अक्कल?’ हुसेनभाई मान खाली घालून सुई ठेवत राहिले. मलाही त्यांचा राग आला होता. पण नवरीनं बोलायचं कसं?

दिवेलागणीला ट्रक निघाला. पाचपरतवणाला माहेरी आले तेव्हा कळलं की मी निघाले त्याच संध्याकाळी काका गेले. गावानं त्यांचं कौतुक केलं. ‘भला मानूस. पोरीची पाठ फिरंस्तवर जीव धरून ठेवला, लग्नात इघ्न आनलं न्हाई.’ आणि त्याच तोंडानं गाव सोनाकाकीबद्दल बोलत होतं. त्या संध्याकाळी म्हणे बायका जमल्या, बांगड्या फोडल्या, गळ्यात पडून हंबरडे फोडले. काकीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. म्हाताऱ्या म्हणाल्या, रडवा तिला. ती रडली नाही. भिंतीकडं बघत बसली.

‘दगड हाय बाई, दगड,’ असं म्हणाली माझी आईच. मग आत्या म्हणाली, मग सगळा गाव म्हणाला. मीही म्हटलं. एकदा दोनदा नव्हे. आंबवड्याला, भोरला, कुठं कुणाच्या मयताचा विषय निघाला की मी सांगायची, ‘आमच्या एका काकीचा नवरा गेला, बया रडली नाही हो!’ जिभेला हाड नसतं, म्हणतात ते खोटं नाही. संपत मोठा झाला तो हेच ऐकत. आईला जेवायला घालायचा, औषधपाणी करायचा, पण तिच्याजवळ बसायचा नाही. दर पितृपक्षात काकांचं पान वाढून झालं की म्हणायचा, ‘तू तर रडलीबी न्हाईस त्यांच्यासाठनं.’ काकी उष्टी काढायला उठायची. भावकीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आता या वर्षीचं सांगते. पाडव्याच्या आसपास नातीनं टुमणं लावलं की आजी, तुझ्या लग्नाच्या गाण्याची पार्श्वभूमी नीट रेकॉर्ड करू. मला हुरूप आला. म्हटलं, हुसेनभाई अजून भोरातच आहेत, त्यांनाच विचारू की फर्माइश कुणाची होती. नात कॉलेजात गेलेली, मी एकटीच त्यांच्या घरी गेले. सत्तरीपार गेलेत. पत्र्याच्या शेडमध्ये मुलाचं मोटारी दुरुस्तीचं काम चालतं, ते बाहेर खुर्ची टाकून बसतात. मी ओळख सांगितली. मार्गासनी म्हणताच ते उठून उभे राहिले.

मी हसत हसत म्हटलं, ‘काय हो हुसेनभाई, माझ्या लग्नात एकच गाणं अकरा वेळा! कुणी सांगितलं होतं?’

ते हसले नाहीत. सुनेला चहा टाकायला सांगितला, खुर्ची माझ्यासमोर ओढली. ‘ताई, तुमचे वडील हायेत का?’

‘जाऊन बारा वर्षं झाली.’

‘मंग सांगतो. त्यांना जबान दिली हुती, आता ते न्हाईत. तुमाला हळद लागत हुती ना, तवाच तुमचे काका गेले.’

मला काही कळलंच नाही. मी म्हटलं, ‘संध्याकाळी गेले हो.’

‘संध्याकाळी लोकांना सांगितलं. गेले सकाळीच. तुमचे वडील माज्याकडं आले. म्हनले, हुसेन, किसन गेला. सोना म्हनतीय लगीन थांबवायचं न्हाई. पन ती रडू कसं दाबंल? मधी एक भिंत हाय. भोंगा तिच्या दाराकडं फिरव, मोठ्यात मोठं गानं लाव, आन् संपलं की परत लाव. ताई, पेटीत चाळीस तबकड्या हुत्या. पन बाकीच्या गान्यांत मधीमधी शांत जागा असायच्या. ह्या एकातच नव्हत्या.’

चहा आला. मी घेतला नाही, त्यांनीही नाही.

‘गानं संपायचं. सुई उचलून परत मांडायला जरा वेळ लागतो. तेवढ्यात भिंतीपल्याडनं हुंदका यायचा. आर्धाच. मंग एकदम तोंड दाबल्यासारखा बंद. घाईत सुई बसायची न्हाई. बाया शिव्या घालत हुत्या. घालू दिल्या. पुढं तुमच्या गावानं मला कधी बोलावलं न्हाई. मी बी गेलो न्हाई.’ मग त्यांनी विचारलं, ‘काकी हायेत का? असल्या तर माजा सलाम सांगा.’

घरी कशी आले ते मला आठवत नाही. ह्यांना सांगितलं. हे खाटेवर बसून ऐकत होते. त्यांच्याच लग्नाची गोष्ट की ती. म्हणाले, ‘आपण मांडवात उभे होतो आणि पलीकडं...’ 

मी गाणी म्हणायची बंद केली. मंडळात सांगितलं, घसा बसलाय. मोबाईलवर कहाण्या येत राहिल्या, टॅक्सीच्या, भांड्यांच्या. माझं मन त्यात रमेना. मुंबईत कुठल्याशा बंद खोलीत पन्नास वादक बसले असतील, कुणीतरी म्हणालं असेल, ढोल वाढवा, उसंत ठेवू नका, लोकांना नाचू दे. त्यांचं काहीच चुकलं नाही. लोक नाचलेच की. माझ्या करवल्या नाचल्या. पण त्याच चार मिनिटांत एका बाईनं आपल्या नवऱ्याचं कलेवर मांडीवर घेऊन रडून घेतलं, आणि गाणाऱ्यांना त्याचा पत्ता नाही, नाचणाऱ्यांना नाही, नवरीला तर नाहीच. नवरी बोटं मोजत होती. माझी मलाच अशी लाज वाटली की बोलायची सोय नाही.

आठ दिवस मी कच खाल्ली. काकी पंचाहत्तरीच्या पुढं गेलेली, उगीच खपली काढायची का? वडलांनी झाकलं ते मी कशाला उघडू? पण मग मनात यायचं, ती उद्या गेली तर दगड म्हणूनच जाईल. आणि संपत तिच्या सरणाशी उभा राहून तेच म्हणेल. नवव्या दिवशी एसटीत बसले आणि मार्गासनीला उतरले.

काकी पडवीत चिंचा फोडत बसली होती. अंगानं चिपाड झालीय, पण हात चालतो. ‘ये, इंदे,’ म्हणाली, जशी काल येऊन गेले होते. पाणी झालं, ऊन किती आहे ते झालं. मी तिच्यासमोर बसून चिंचा फोडायला घेतल्या. पलीकडं गोठ्याच्या दारात संपत बैलाचं दावं वळत होता.

‘काकी, हुसेनभाई भेटले. तुला सलाम सांगितलाय.’

तिच्या हातातली चिंच तशीच राहिली. ‘हाय व्हय अजून? लई भला मानूस.’

‘त्यांनी सगळं सांगितलं.’

तिनं एकदा संपतकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, ‘आता कशाला काढतीस?’

‘तू का केलंस असं?’

‘मंग काय करू? चुलीवर भात चढलेला, वऱ्हाड वाटंला लागलेलं. भावकीतलं सुतक, ते फिटंस्तवर पाऊस लागला आसता, लगीन राहिलं आसतं दिवाळीपातुर. तवर सोयरीक टिकली आसती व्हय? पांढऱ्या पायाची म्हनून तुला घरात बसवली आसती. तुझे काका गेलेच हुते. मेल्या मानसाला घाई नसती, पोरी. जित्याला आसती.’

‘पण नंतर तरी सांगायचंस. इतकी वर्षं लोक तुला...’

‘कुनाला सांगू? सुतकात लागलेलं लगीन म्हनून नाव पडलं आसतं. तुझं पयलं लेकरू पोटातच गेलं ना, तवा म्या आठ दिस जेवले न्हाई. म्हनलं आता कुनाला कळलं तर म्हनतील, व्हय, तरीच. कुनी तुझ्या संसाराकडं बोट दाखवू नये येवढंच बगितलं.’

माझ्या पहिल्या बाळासाठी माझ्याशिवाय कुणी उपाशी राहिलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी तिचे चिंचेनं काळे झालेले हात धरले. ‘काकी, मीसुद्धा तुला दगड म्हणाले. गावोगाव म्हणाले.’

‘ठावं हाय,’ ती म्हणाली. ‘सगळीच म्हनत्यात. त्याला काय हुतंय.’

त्याला काय होतंय! मला आवरेना. मी जी मोठ्यानं रडले ती लाजलज्जा सोडून, किसनकाकांच्या मयताला रडायचं राहून गेलेलं रडले. काकी घाबरली. संपत हातातलं दावं टाकून धावत आला. ‘काय झालं? आये, काय म्हनलीस हिला?’

‘काय न्हाई रं,’ काकी घाईघाईनं म्हणाली, ‘आईबाची आठवन आली तिला. च्या ठेवायला सांग.’

एवढ्या वर्षांनीही तिचं तेच. झाकायचं. मी पदरानं तोंड पुसलं आणि म्हटलं, ‘संपत, तुझे वडील माझ्या लग्नानंतर गेले नाहीत. सकाळीच गेले होते, माझ्या हळदीच्या वेळी.’

‘इंदे, गप!’

‘गप बसायची नाही मी आता. संपत, हिनं माझं लग्न मोडू दिलं नाही. दार लावून बसली. भोंगा हिच्या दाराकडं फिरवला होता ना, तो हिचं रडणं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. तुझी आई रडली. अकरा गाणी रडली. संध्याकाळी बायका आल्या तोवर डोळ्यांत काही उरलंच नव्हतं.’

संपत उभाच होता. पंचावन्नच्या आसपासचा माणूस, डोक्याला टॉवेल, दाढीचे पांढरे खुंट. शेवटी म्हणाला, ‘मला त्या दिशी दोनदा बुंदी वाढली हुती. मला येवढंच आठवतंय.’

‘म्याच सांगितलं हुतं वाढायला,’ काकी म्हणाली. ‘घरात चूल पेटायची नव्हती. तू पोटभर खाल्लेला बरा, म्हनलं.’

तो खाली बसला. आईपासून हातभर अंतर ठेवून बसणारा संपत तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला. चिंचोके सांडले, कुणी गोळा केले नाहीत. कितीतरी वेळ तो तिच्या हातांकडं बघत होता. मग लहान पोरानं विचारावं तसं त्यानं विचारलं, ‘आये, आन् गानं संपल्यावर गं? मधी काय करायचीस?’

काकीनं पदराचा बोळा केला आणि तोंडाशी नेऊन दाखवला. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, ते तिनं पुसलं नाही.

‘ह्यो आसा कोंबायची,’ ती म्हणाली. ‘आन् भिंतीला कान लावून बसायची. म्हनायची, लाव रं बाबा. लाव लवकर. आजून माजं झालं न्हाई.’